सहा हिवाळ्यांचा पराक्रम

दक्षिण गोलार्धांत ऋतूंचें चक्र आपल्या उलट फिरतें. आपल्याकडे वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं मेलबर्न शहरांत पानगळ सुरू होते. आणि आपण मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसतों, त्या वेळीं तेथील माणसें लोंकरीचे रंगीत गळपट्टे गुंडाळून फुटबॉलच्या सामन्याला निघालेलीं असतात. गळपट्ट्याचे रंग पाहिले म्हणजे माणूस कोणत्या संघाचा हें न विचारतां कळतें. बापाचा संघ तोच मुलाचा आणि आजीचा संघ तोच नातीचा, असा तेथील पुष्कळ घरांचा कुळाचारच आहे. इतर बाबतींत मोकळ्या वृत्तीचीं असलेलीं हीं माणसें ह्या एका बाबतींत मात्र आपल्याइतकींच परंपराभिमानी आहेत, हें पाहून आम्हांस मोठी गंमत वाटली.

आपल्या वाचकांस मेलबर्न ठाऊक आहे तें क्रिकेटमुळें. १८७७ सालीं पहिला कसोटी सामना ज्या मैदानावर झाला, आणि १९४८ च्या आरंभीं आपले विजय हजारे ज्या मैदानावर ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध खेळले, तेंच हें मेलबर्न क्रिकेट ग्राउंड. परंतु नांव क्रिकेटचें असलें तरी हिवाळ्यांत ह्या मैदानावर राज्य चालतें तें फुटबॉलचें. आणि तो फुटबॉल इंग्लंडाहून आणलेला नव्हे, मेलबर्नचा स्वतःचा. टॉम विल्स नांवाच्या क्रिकेटपटूनें १८५८ सालीं एका वृत्तपत्रास पत्र लिहून सुचविलें कीं, क्रिकेट बंद असतें त्या दिवसांत खेळाडूंचीं अंगें सैल पडूं नयेत म्हणून फुटबॉलची मंडळी स्थापावी. पुढच्याच वर्षीं, १८५९ च्या मे महिन्यांत, मेलबर्नच्या मंडळीनें आपले नियम कागदावर उतरविले. इंग्लंडांतील फुटबॉल असोसिएशन जन्मास आली ती १८६३ सालीं. म्हणजे हा वसाहतींतला खेळ वयानें चार वर्षें वडील ठरतो.

ह्या खेळाची रीत थोडक्यांत सांगितली पाहिजे, नाहींतर पुढील हकीकतीचें मर्म ध्यानांत यावयाचें नाहीं. मैदान लंबवर्तुळाकृति, चेंडूही लंबवर्तुळाकृति. प्रत्येक बाजूस अठरा गडी. दोन्ही टोकांस चार चार उंच खांब उभे असतात. मधल्या दोन खांबांतून पायानें मारलेला चेंडू अस्पर्श गेला तर तो गोल, त्याचे गुण सहा. मधल्या व कडेच्या खांबांमधून गेला तर त्याचा गुण केवळ एक. उडालेला चेंडू कोणी वरच्यावर झेलला तर त्यास बिनहरकत लाथ मारण्याचा हक्क मिळतो. म्हणून झेल हा ह्या खेळाचा प्राण आहे. झेलासाठीं गडी धांवत येऊन उंच उडतात, कधीं कधीं प्रतिपक्षाच्या गड्याच्या खांद्यावर गुडघा टेकून त्याहूनही वर जातात, आणि तो क्षणभर हवेंत तरंगणारा मनुष्य पाहण्यासाठींच लोक पैसे देऊन आलेले असतात असें म्हटलें तरी चालेल.

ह्या मैदानाच्या बाहेर नामांकित खेळाडूंचे पुतळे उभे केले आहेत. ब्रॅडमन व लिली हे आपल्या ओळखीचे. त्यांच्याच संगतींत जॉन कोलमन ह्याचा पुतळा आहे. हा कोण, म्हणून चौकशी करितां समजलें कीं, हा एसेंडन संघाचा खेळाडू; आणि तो सर्व मिळून अवघे ९८ सामने खेळला. ज्या देशांत तीनशेंहून अधिक सामने खेळलेले गडी आहेत, तेथें ९८ सामन्यांच्या धन्यास पुतळा कां, हा प्रश्न मनांत येणें साहजिक होतें. त्याच्या उत्तरासाठीं आम्हीं त्याचीं मैदानें व त्याचीं गांवें पाहण्याचें ठरविलें.

हकीकतीचा आरंभ तो खेळूं लागण्यापूर्वींच्या एका सामन्यापासून करावा लागतो. १९४८ च्या आक्टोबरांत व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा अंतिम सामना एसेंडन व मेलबर्न ह्या दोन संघांत झाला. मेलबर्ननें गोल केले दहा, आणि एकेका गुणाच्या फेंकी नऊ, बेरीज ६९. एसेंडननें गोल केले सात, आणि एकेका गुणाच्या फेंकी तब्बल सत्तावीस. बेरीज तीच ६९! एकानें एकोणीस वेळां नेम धरला, दुसऱ्यानें चौतीस वेळां. आणि तरी सामना बरोबरींत सुटला. आठवड्यानें तो पुन्हां खेळविण्यांत आला तेव्हां एसेंडन ३९ गुणांनीं हरलें. घरांत धान्याचीं पोतीं रचलेलीं असावींत आणि रांधणारें माणूस नसल्यामुळें सर्वांनीं उपाशी निजावें, तशी त्या संघाची दशा झाली. चेंडू खांबांपर्यंत नेणारे पुष्कळ होते; खांबांमधून घालणारा नव्हता.

तो माणूस त्या वेळीं मेलबर्नच्या दक्षिणेस हेस्टिंग्ज नांवाच्या समुद्रकांठच्या लहानशा गांवीं खेळत होता. जॉन कोलमनचा जन्म २३ नोव्हेंबर १९२८ चा, पोर्ट फेअरी ह्या पश्चिमेकडील बंदरांतला. पुढें तो हेस्टिंग्जकडून खेळूं लागला, आणि १९४८ च्या एका हंगामांत तेथें त्यानें १६० गोल केले. खेडेगांवच्या मैदानावरील पराक्रमाकडे शहरचे लोक जरा नाक मुरडूनच पाहतात. गांवच्या आखाड्यांतला पहिलवान मोठ्या दंगलींत टिकेलच असें नाहीं, ही शंका तेथेंही होती.

एसेंडन हें मेलबर्नचें वायव्येकडील उपनगर. शहरांतून आगगाडीनें तेथें लौकरच जातां येतें. स्टेशनापासून थोडें चाललें कीं संघाचें जुनें मैदान लागतें. त्याला विंडी हिल, म्हणजे वाऱ्याची टेकडी, असें नांव आहे, आणि आम्हीं गेलों त्या दिवशीं तरी वाऱ्यानें नांवाची लाज राखली. १९२२ पासून एसेंडनचा मुक्काम येथें होता. १९९१ नंतर मोठे सामने येथें होईनासे झाले, आणि २०१३ सालीं संघानें आपलें बिऱ्हाडही टलामरीन येथें हलविलें. आतां ह्या हिरवळीवर धाकटे सामने होतात, आणि एरवीं शेजारचीं वयस्क माणसें कडेकडेनें फिरतांना दिसतात. वाडा तोच, पण नांदतें घर दुसरीकडे गेलेलें, अशी कांहींशी ती जागा वाटली.

ह्याच जागीं १६ एप्रिल १९४९ रोजीं वीस वर्षांचा कोलमन प्रथम उतरला. समोर हॉथॉर्नचा संघ होता. पहिल्याच लाथेस त्यानें गोल केला, आणि सामना संपला तेव्हां त्याच्या नांवावर बारा गोल होते. पहिल्या सामन्यांत इतके गोल लीगमध्यें त्यापूर्वीं कोणी केले नव्हते, आणि त्यानंतरही कोणी केलेले नाहींत. त्या हंगामाच्या अखेरीस एसेंडन पुन्हां अंतिम सामन्यांत पोंचलें. ह्या वेळीं समोर कार्लटन होतें. एसेंडन ७३ गुणांनीं जिंकलें. आणि सामना संपावयास थोडाच अवकाश राहिला असतां कोलमननें आपला सहावा गोल केला, तो त्या हंगामांतला त्याचा शंभरावा होता. आदल्या वर्षीं सत्तावीस वेळां नेम चुकलेल्या संघास नेमबाज लाभला, एवढाच काय तो दोन वर्षांतला फरक. पुढील वर्षीं त्यानें १२० गोल केले, आणि नॉर्थ मेलबर्नचा ३८ गुणांनीं पराभव करून एसेंडननें विजेतेपद राखलें.

त्याच्या खेळाचें वर्णन करणारे सर्व एक गोष्ट आवर्जून सांगतात, ती त्याच्या उडीची. तो कांहीं फार धिप्पाड नव्हता. सुमारें सहा फूट एक इंच उंचीचा, सडपातळ बांध्याचा. पण उभ्या जागेवरून तो असा उसळे कीं बरोबरीच्या उंचीच्या रक्षकाच्या डोक्यावरून चेंडू काढून नेई. उडीचें वेड प्रेक्षकांस एवढें लागलें कीं, प्रत्येक पावास बाजू बदलल्या म्हणजे लोकही उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकास, जेथें कोलमन उभा असेल तेथें, जाऊं लागले. १९५२ सालीं लीगनें एक फेरी परप्रांतांत खेळविली तेव्हां ब्रिस्बेन येथें जिलाँगच्या संघाविरुद्ध त्यानें तेरा गोल केले. ज्या लोकांस हा खेळ नवखा होता त्यांनाही त्या रात्रीं तो समजावून सांगण्याची गरज पडली नसेल.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावी. त्या काळीं हा खेळ पोटाचा धंदा नव्हता. १९३० सालीं लीगनें खेळाडूस सामन्यामागें जास्तीत जास्त तीन पौंड द्यावे असा नियम केला होता; पुढें तो आंकडा वाढला, तरी मोठमोठे खेळाडूदेखील आठवडाभर आपापल्या नोकरीधंद्यांत राबत आणि शनिवारीं मैदानावर उतरत. ज्याच्या उडीसाठीं हजारों माणसें जागा बदलीत, त्याच्या घरची चूल त्या उडीवर पेटत नव्हती.

आतां ह्या चरित्रांतील कडू भाग. ज्यास सरळ मार्गानें अडवितां येत नाहीं त्यास आडमार्गानें अडविण्याचा मोह होतो. कोलमनला रक्षक धरीत, ढकलीत, आणि पंचाची पाठ फिरली म्हणजे ठोसेही देत. शहराच्या उत्तरेस कार्लटनचें प्रिन्सेस पार्क हें मैदान आहे. भोंवतालीं मोठी बाग, सकाळीं धांवणाऱ्या माणसांची वर्दळ, अशी ती प्रसन्न जागा पाहून तेथें कांहीं अप्रिय घडलें असेल असें वाटत नाहीं. परंतु १९५१ च्या साखळी सामन्यांच्या शेवटच्या दिवशीं येथें कार्लटनचा हॅरी कॅस्पर ह्यानें कोलमनला मारलें, आणि कोलमननें उलट मारलें. प्रकरण लीगच्या न्यायमंडळापुढें गेलें. आगळीक कॅस्परची होती ह्याविषयीं वाद नव्हता. तथापि मंडळानें दोघांसही सारखीच, चार चार आठवडे न खेळण्याची, शिक्षा दिली. निकाल ऐकून कोलमन बाहेर पडला तेव्हां त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते.

त्या चार आठवड्यांतच अंतिम फेरीचे सर्व सामने येत होते. एसेंडननें त्याच्यावांचून दोन सामने जिंकून शेवटच्या सामन्यापर्यंत मजल मारली. त्या दिवशीं संघाचे प्रशिक्षक व माजी कर्णधार डिक रेनॉल्ड्स हे, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, निवृत्ति बाजूस ठेवून राखीव गडी म्हणून कपडे चढवून बसले, आणि प्रत्यक्ष मैदानांतही उतरले. जिलाँग ११ गुणांनीं जिंकलें. अकरा गुण म्हणजे दोन गोलांहून एक कमी. आणि ज्यास बाहेर बसविलें होतें तो सरासरीनें सामन्यास पांचांहून अधिक गोल करीत असे.

ह्या निकालाविषयीं आमचें मत आम्हीं स्पष्ट सांगतों. मार खाणाऱ्यानें उलट मारूं नये, हा नियम योग्यच आहे. तो नसता तर मैदानाचें रणांगण होण्यास वेळ लागला नसता. म्हणून कोलमन निर्दोष सुटावयास पाहिजे होता असें आम्हीं म्हणत नाहीं. परंतु असमान अपराधांस समान शिक्षा दिली म्हणजे न्याय समान झाला, असें समजणें चूक आहे. घरांत दोन मुलें भांडलीं असतां, कोणी आधीं हात उगारला हें न पाहतां दोघांच्याही पाठींत सारखाच धपाटा घालणारे वडील आपण पाहतों. त्यांस आपण निःपक्षपाती म्हणतों खरें, पण आधीं मार खाल्लेल्या मुलाच्या मनांत तो धपाटा वर्षानुवर्षें सलत राहतो. शिवाय येथें आगळीक करणाऱ्याच्या संघास त्या वर्षीं पुढें खेळावयाचेंच नव्हतें. त्याच्या शिक्षेनें त्याच्या संघाचें कांहीं गेलें नाहीं, आणि मार खाणाऱ्याच्या शिक्षेनें त्याच्या संघाच्या हातचा शेवटचा सामना गेला. कोलमन असता तर एसेंडन जिंकलेंच असतें, असें शपथेवर कोणी सांगूं शकणार नाहीं. पण हा प्रश्न लोकांच्या मनांत कायमचा राहिला, हीच त्या निकालाची खरी उणीव होय.

त्यानें त्रागा केला नाहीं. १९५२ सालीं त्यानें १०३ गोल केले, १९५३ सालीं ९७. १९५४ चा हंगाम तर सर्वांत भरभराटीचा होणार अशीं चिन्हें होतीं. सातव्या फेरींत फिट्झरॉयविरुद्ध त्यानें एकाच सामन्यांत चौदा गोल केले. पुढच्याच आठवड्यांत नॉर्थ मेलबर्नशीं खेळतांना त्याचा गुडघा निखळला. शस्त्रक्रिया झाल्या, पुन्हां उभें राहण्याची खटपट झाली, पण तो गुडघा पूर्ववत् झाला नाहीं. ज्या पायांवर ती उडी उभी होती त्यांतला एक गेला. त्या वेळीं कोलमनचें वय पंचवीस वर्षांचें होतें. सहा हंगाम, ९८ सामने, ५३७ गोल. तेथें हिशेबाची वही मिटली.

सामन्यामागें सरासरी काढली तर ती ५.४८ येते. पुढें पीटर हडसन नांवाच्या खेळाडूनें ५.६४ अशी किंचित् अधिक सरासरी राखली. कोणी असेंही म्हणेल, आणि तें खोटें नाहीं, कीं कोलमनच्या सरासरींत उतारवयाचे दिवस मुळीं आलेच नाहींत. जो पूर्ण तारुण्यांत थांबला त्याचा आंकडा मोठा दिसणारच. परंतु आमच्या समजुतीनें कोलमनची कसोटी त्या आंकड्यांत नाहीं. पंचविसाव्या वर्षीं ज्याचें एकमेव कौशल्य हिरावलें जातें, तो मनुष्य पुढें काय करितो, ह्यांत ती आहे. आपल्याही घरांतून असे प्रसंग येतात. कोणा गाणाऱ्याचा गळा बसतो, कोणा कारागिराचा हात अधू होतो. आणि मग त्या माणसाच्या जुन्या कर्तुकीच्या गोष्टी सांगत घर भोंवतीं बसतें, पण उद्यांचें काय हें कोणालाच सुचत नाहीं.

कोलमन हॉटेलच्या व्यवसायांत शिरला. १९६१ सालीं एसेंडननें त्यास प्रशिक्षक नेमलें. ज्या रेनॉल्ड्सच्या हाताखालीं तो वाढला, त्यांचीच ही जागा होती. रेनॉल्ड्सनीं ती १९३९ पासून सांभाळली होती. मोठा खेळाडू चांगला गुरु होतोच असें नाहीं. जें आपणांस उपजत येतें तें दुसऱ्यास कां येऊं नये, हें त्याला उमजत नाहीं. आणि उडी तर कोणास शिकवितांही येत नाहीं. तरी दुसऱ्याच वर्षीं, १९६२ सालीं, त्याच्या संघानें अंतिम सामन्यांत कार्लटनचा ३२ गुणांनीं पराभव केला. १९६५ सालीं एसेंडन साखळींत चौथ्या क्रमांकावर होतें. तेथून चढत जाऊन त्यानें अंतिम सामन्यांत सेंट किल्डाला ३५ गुणांनीं हरविलें. स्वतः खेळून दोन विजेतेपदें आणि दुसऱ्यांस खेळवून दोन, असा हा समतोल हिशेब आहे. १९६७ पर्यंत तो त्या जागेवर राहिला. पहिल्या दोन विजयांत त्याचे पाय होते. पुढच्या दोहोंत त्याला मैदानाच्या कडेस बसून दुसऱ्यांच्या पायांवर विश्वास टाकावा लागला. आम्हांस विचाराल तर दुसरें काम अधिक कठीण.

शेवटच्या दिवशीं आम्हीं मॉर्निंग्टन द्वीपकल्पांत गेलों. मेलबर्नहून फ्रँकस्टनपर्यंत विजेची गाडी, आणि तेथून डिझेलवर चालणारी लहानशी गाडी हेस्टिंग्जला नेते. वेस्टर्न पोर्ट नांवाच्या उथळ उपसागराच्या कांठीं हें गांव आहे. कांठाला आपल्या कोंकणांतल्या खाड्यांसारखी तिवरांची दाटी, धक्क्यावर नांगरलेल्या होड्या, आणि भरती-ओहोटीच्या चिखलाचा ओळखीचा वास. येथून निघालेला मुलगा वीस वर्षांचा असतां शहरास वेडें करून गेला, हें त्या शांत किनाऱ्यावर खरें वाटत नाहीं.

ह्याच द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगास, पोर्ट फिलिप उपसागराच्या कांठीं, आर्थर्स सीट नांवाच्या डोंगराच्या पायथ्याशीं ड्रोमाना आहे. तेथें ५ एप्रिल १९७३ रोजीं हृदयविकारानें कोलमनला मृत्यु आला. वय अवघें चव्वेचाळीस. नवा हंगाम सुरू होण्याचे ते दिवस होते. ज्या गांवांतून तो निघाला आणि ज्या गांवांत त्याचें जीवन संपलें, त्यांमध्यें डोंगराळ जमिनीचा एक पट्टा तेवढा आहे.

साखळी सामन्यांत सर्वांत अधिक गोल करणाऱ्यास १९८१ पासून जें पदक देतात त्यास कोलमन पदक असें नांव आहे. पुढें मागील सालांच्या खेळाडूंसही तें मरणोत्तर वा उत्तरवयांत अर्पण करून यादी पूर्ण करण्यांत आली. त्या यादीचा आरंभ १९५५ पासून धरला आहे. म्हणजे कोलमनचा गुडघा गेला त्याच्या पुढल्या वर्षापासून. त्यानें स्वतः चार वेळां हा मान मिळविला असतां पदक पटकावणाऱ्यांत त्याचें नांव नाहीं. दर हिवाळ्याच्या अखेरीस कोणी तरी तरुण तें पदक घेतो, आणि ज्याला त्यानें कधीं खेळतांना पाहिलें नाहीं अशा माणसाचें नांव छातीवर लावून घरीं जातो.